काळ्या स्कर्टचा मागचा कट

इरा,

सातच्या एसटीने लासलगावला बहिणीकडे जातेय, संध्याकाळी परत येईन. भाजी झालीय, पोळ्या तेवढ्या तू लाट.

तुझा तो काळा, लांब, अरुंद स्कर्ट खुर्चीवर ठेवलाय. त्याचा मागचा कट उसवलाय असं वाटलं म्हणून शिवला, असं काल मी म्हणाले ना, ते खोटं होतं. पस्तीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी. कट कुठला नि उसवण कुठली, एवढं मला कळतं. खालच्या काकू म्हणाल्या, ‘सुनेच्या पोटऱ्या दिसतात हो,’ आणि मी लगेच मशीनवर बसले. त्यापायी तू रिक्षात चढताना पडलीस. तरी मला एका शब्दाने बोलली नाहीस, तेच जास्त लागलं.

आज सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा तो मी घालून पाहिला. कमरेचा हूक लागेना, तरी निघाले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच आडवी झाले. मग बसून एकेक टाका उसवला. आज तोच घालून जा.

मलम फ्रिजवर आहे. संपत आलंय, निम्मं माझ्याच गुडघ्याला लागलं.

आई