आमूचा वन्स मोर

५ जानेवारी, सोमवार

शाळेच्या जॅझच्या कार्यक्रमाला साउंड फुकट देतो म्हणालो होतो. फुकट कितीला पडलं ते आज चहा पिता पिता मोजलं. त्याच तारखेचं दिघोरीच्या मंडईचं, म्हणजे तिथल्या जत्रेचं, नाटक सोडलं. ते दुसऱ्या साउंडवाल्याकडे गेलं, आणि त्याचे बॉक्स नवे आहेत, म्हणजे पुढच्या वर्षीही दिघोरी माझी नाही. जनरेटरचं डिझेल. पोरांची रोजी. आणि बायको, मंगला. ती बोलली काही नाही, फक्त वांग्याच्या भाजीत मीठ नव्हतं. एवढ्या वर्षांत मंगलाच्या हातचं मीठ चुकलेलं नाही. हे सगळ्यात महाग.

कारण एकच. आमूने मागितलं. नववीत गेल्यापासून पोरीने बापाकडे काही म्हणून मागितलं नव्हतं.

८ जानेवारी, गुरुवार

प्रशांत आला. आपल्याच शाळेचा, पोस्टमनचा पोरगा, आता पुण्यात ड्रम वाजवतो. हॉटेलात, स्टुडिओत, जिथं बोलावतील तिथं. दिवाळीपासून दोन-तीनदा येऊन शाळेच्या बँडला शिकवून गेला. झेंडावंदनाला बिगुल फुंकणारी पोरं ती, त्यांना म्हणे जॅझ. शाळेच्या कपाटातला जुना ट्रम्पेट त्यानेच आमूच्या हातात दिला. मला विचारून नाही.

या वेळी सोबत दोघं मोठे कलाकार. सॅक्सोफोनवाल्या नीलिमाताई आणि डबल बेसवाले अँथनी. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच सारंगी समजा. नागपूरहून एस्टीने आणला. कंडक्टरने त्याचं पूर्ण तिकीट फाडलं आणि म्हणाला, "मंग याले खिडकीजवळ बसवा." अँथनींना हे इतकं आवडलं की तिकीट पाकिटात ठेवलंय.

नीलिमाताईंनी विचारलं, "तुम्हीही वाजवता म्हणे?"

सांगितलं. वाजवायचो. लग्नाच्या बँडात कॉर्नेट, ट्रम्पेटचाच धाकटा भाऊ. नोटेशन-बिटेशन नाही. तुमसरच्या टॉकीजमध्ये दुपारचा खेळ पाहायचा, संध्याकाळच्या वरातीत गाणं तयार. "ताई, एकदा कानात गेलं की गेलं. चाल माझी झाली. आजही."

ईश्वर मागे वायर गुंडाळत होता. बँडात ढोल त्याचा होता, आता मिक्सरवर माझ्यासोबत असतो. म्हणाला, "म्याडम, याले बायकोचं बोलनं सोडून सारं याद रायते."

१० जानेवारी, शनिवार

तालीम ऐकली. चाल आपलीच, धानाच्या रोवणीतली, बाया चिखलात वाकून म्हणतात ती. आधी सगळे मिळून वाजवतात. मग एकेक जण पाळीपाळीने सुटतो, बाकीचे त्याला खालून धरून ठेवतात, आणि शेवटी पुन्हा सगळे चालीवर.

आमूची पाळी तीनदा आली. तिन्ही वेळा वेगळंच वाजवलं. मला वाटलं विसरून राहिली.

"आमू, बसलं नाही का अजून?"

"बसवायचंच नाही न बाबा."

नीलिमाताई हसल्या. म्हणाल्या, त्या घडीला तिला जे ऐकू येईल ते. उद्या ते नसेल.

असो. पण एक ऐकलं. प्रशांतचा ठोका पडतो आणि आमू किंचित थांबून येते. चुकून नाही, मुद्दाम. जसं कुणी हाक मारल्यावर लगेच ओ देत नाही. हे शिकवता येत नाही. बँडात असताना मला हे कधी आलं नाही. तिला सांगितलं नाही.

निघताना ताई म्हणाल्या, "उन्हाळ्यात महिनाभर हिला पुण्याला पाठवा. माझ्या घरी राहील, शिकेल." आमू माझ्याकडे बघत होती. म्हटलं, कार्यक्रम होऊ द्या, मग पाहू.

घरी मंगला म्हणाली, "अजी, तुमी बाजा सोडला तवा या घरात ग्यास आला. आता पोरीच्या तोंडाले बाजा लावून रायले."

खोटं नाही. आम्ही वरातीत पुढे नाचवायचो आणि मांडवाच्या मागे उभ्याने जेवायचो. नवरदेवाच्या मामाने एकदा माझ्या कॉर्नेटमध्ये नोट खोचली, सूर बंद पडला, सगळे हसले, मीही हसलो. ते सोडावं म्हणूनच साउंड घेतलं. साउंडवाल्याला खुर्ची मिळते.

पण हे ते नाही. की तेच आहे? ताईंना विचारावं, त्यांना जेवायला कुठं बसवतात…

१२ जानेवारी, सोमवार

आमू बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या बांधावर, वाजवत बसते, पाण्याकडे तोंड करून. आज गेलो. म्हटलं, हे बघ, पब्लिक आपली आहे, नाटकं पाहणारी. गाणं आवडलं की वन्स मोर घेतल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. मेलेला राजा उठून गातो आणि पुन्हा मरतो. आणि वन्स मोर म्हणजे तेच, जसंच्या तसं. एक जागा इकडची तिकडे झाली की म्हणतात, पहिलेवालं म्हण. तेव्हा एक चांगलं ठरव आणि बसवून टाक.

"मंग ते जॅझ कायचं?"

"पब्लिक जॅझ पाहाले नाही येऊन रायली. तुले पाहाले येऊन रायली."

मग सौदा टाकला. धंद्याची सवय. पब्लिकने वन्स मोर मागितला आणि तू दिला, तर पुणे पक्कं. आईला मी पाहून घेतो.

म्हणाली, "बरं."

हे 'बरं' तिच्या आईचं आहे. त्याचा अर्थ होकार नसतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

मैदानावर स्टेज बांधलं. धानाच्या तणसाचा ढीग मागे तसाच राहू दिला, आवाज बरा अडवतो. अँथनींच्या वाद्याला माईक कुठं लावायचा यात अर्धी दुपार गेली. शेवटी जुन्या मोज्यात गुंडाळून पोटाशी खोचला. ते म्हणाले, असा आवाज मोठ्या हॉलमध्येही मिळाला नव्हता. खोटं बोलत असतील, पण गोड बोलतात.

ईश्वर: "पेन ड्राइव्ह लावू का? रेकॉर्डिंग होऊन जाईन."

"कायले? माझे कान आहेत न."

उद्या.

१८ जानेवारी, रविवार

काल लिहवलं नाही. आज पहाटेच उठलो.

मैदान भरलं होतं. बाया पुढे सतरंजीवर, माणसं मागे मोटरसायकलींवर बसून. पहिला अर्धा तास लोक नुसते पाहत होते, म्हशीने आगगाडी पाहावी तसे. नीलिमाताईंनी एक लांब सूर धरला तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "बाईले दम आहे." तिथून पब्लिक आमची झाली.

मग रोवणीची चाल. बायांनी ओळखली. काही तर गुणगुणल्या. प्रशांत, अँथनी, ताई, पाळीपाळीने. मग आमू पुढे आली. शाळेचाच गणवेश, वेणीला लाल रिबन.

काय वाजवलं ते लिहायला बसलोय आणि शब्द नाहीत. खालून सुरू केलं, अगदी बोलल्यासारखं. कुणाला तरी काही विचारते आहे असं. मग थांबली. प्रशांतचे दोन ठोके तसेच जाऊ दिले. मैदानात कुणी खोकलं नाही. मग वर गेली. मी मिक्सरवरचा हात काढून घेतला, हात लावण्यासारखं काही नव्हतंच.

संपलं तसा वन्स मोर. आधी मागून मोटरसायकलवाले, मग बाया, मग सगळं मैदान. शिट्ट्या. कितीतरी मोबाइल वर झाले.

आमूने ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली, वाजव. तिघांनी पुन्हा खालून धरलं. तिने सुरू केलं. वेगळं होतं. वाईट नव्हतं, वेगळं होतं. मागून एक ओरडला, "ते नोको, पहिलेवालं." दुसरा, "पहिलेवालं घे न बाई."

आणि मी तेच केलं जे नाटकात दर वेळी करतो. वन्स मोर आला की गाणाऱ्याचा माईक उघडायचा आणि बाकी सगळं खाली ओढायचं, पब्लिकला तोच गळा हवा असतो. बोटांना विचारावं लागत नाही. ताईंचा सॅक्सोफोन, अँथनींचा बेस, सगळं खाली. वाजवणाऱ्यांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर पायाशी ठेवलेले बॉक्सही मिक्सरच्या त्याच दट्ट्यांवर होते. आमूला स्वतःशिवाय काही ऐकू येईना. एवढ्या मैदानात तिचा एकटीचा श्वास.

दोन-चार सूर वाजवले. मग ट्रम्पेट तोंडावरून खाली घेतला आणि उभी राहिली.

ताईंनी सावरलं. माईक सोडून पुढे येऊन चाल उचलली, सगळे त्यात शिरले, कार्यक्रम झाला. टाळ्या भरपूर. हेडसर खूश. माझा सत्कार, नारळ.

गाडीत आमू मागे बसली.  दारात म्हणाली, "बाबा, तुमी त्याइले बंद काहून केलं?"

म्हणजे तिने ओळखलं. कान माझेच गेलेत तिच्याकडे.

१९ जानेवारी, सोमवार

पाहुण्यांना सोडायला साकोलीपर्यंत गेलो. नीलिमाताई म्हणाल्या, दुसऱ्या वेळी काहीतरी बिघडलं, आम्ही होतो आणि अचानक नव्हतो. वायर असेल.

वायर म्हणालो असतो तर चाललं असतं. म्हटलं, वायर नाही ताई, माझा हात.

 मग म्हणाल्या, "मागितलेलं तसंच्या तसं तिला देताच आलं नसतं. मलाही येत नाही. पण ती वेगळं देत होती. लोकांनी अजून जरा ऐकलं असतं."

पुण्याचं बोलणं कायम आहे म्हणाल्या. पण आता फोन आमूने करायचा, तिने स्वतः. रविवारपर्यंत, मग त्या गोव्याला जातात.

विचारलंच शेवटी, तुम्हाला जेवायला कुठं बसवतात. हसल्या. म्हणाल्या, "कधी स्टेजमागे उभ्यानेच. पण मागून ऐकूही येतं."

२१ जानेवारी, बुधवार

आमूने ट्रम्पेट शाळेच्या कपाटात ठेवून दिला. म्हणते, दहावीचा अभ्यास. नववीतच.

मी म्हटलं, पुण्याला जा, सौदा-बिदा सोड, माझ्याकडून हो आहे. म्हणाली, "वन्स मोर कोठी देल्लो मी? तुमीच म्हनलं होतं, देल्ला तर." आपलाच शब्द आपल्याला परत.

मला वाटलं होतं, मंगलाला बरं वाटेल. सकाळी भाकर थापता थापता म्हणाली, "पहिल्या वेळेस मी उभी झाली होती सतरंजीवर. मागच्या बाया खाली बस म्हनून रायल्या होत्या. तुमाले दिसली नसन."

नाही दिसली. मी मिक्सरकडे पाहत होतो.

भाजीत मीठ बरोबर होतं. पण ही माझ्या बाजूची झाली की आमूच्या, ते कळलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

आमू आज स्वतःहून दुकानात आली. ईश्वर चहा आणायला गेला होता.

"बाबा, ते पहिलेवालं कसं होतं?"

"चांगलं होतं."

"तसं नाही. वाजलं कसं? मले काहीच याद नाही. पब्लिक उगीच चिल्लावून रायली होती की खरंच काही होतं, मले पाहाचं आहे. असन तर ताईले फोन करतो. नसन तर नाही."

मैत्रिणींचे मोबाइल पाहून झालेत म्हणे. सगळ्यांनी वन्स मोर म्हणून ओरडल्यावरच मोबाइल वर काढला होता. गावातल्या प्रत्येक मोबाइलात दुसऱ्या वेळचंच आहे, थांबलेलं. प्रशांतला विचारलं, तो म्हणाला, मी ठोक्यात होतो गं.

"तुमाले तं एकदा ऐकलं की याद रायते."

म्हटलं, रविवारी सकाळी वाजवून दाखवतो.

गेली तेव्हा जरा हसली. आठवड्यात पहिल्यांदा.

२५ जानेवारी, रविवार

माळ्यावरून कॉर्नेट काढला. कळा घट्ट झाल्या होत्या, तेल घातलं. आमू आंघोळीला गेली होती तेवढ्यात सुरू केलं.

स्वतःचं काहीतरी रचून दाखवावं असंही मनात आलं. रोवणीची चाल, थोडं वर, थोडं खाली, मला काय कठीण. पण तिने वायर आणि माणसाचा हात वेगळा ओळखला. हेही ओळखेल.

आता बाहेर येऊन ओसरीवर बसली आहे, केस पुसते आहे. फोन तिच्या बाजूला. मंगला दारात पीठ चाळते आहे, खरं म्हणजे चाळत नाही.

सुरुवातीचं आठवलं, ते विचारल्यासारखं. ती थांबली होती तेही आठवलं.

त्यापुढचं मला काही आठवत नाही.