मोदकांच्या पाळीची वही

मंगळवार, दिवेलागण. ब्रह्मा घाट, काशी.

उद्या सूनबाईची नागरिकत्वाची मुलाखत. मॉरिशसची लेक, सात वर्षं आमच्यात नांदते आहे; पण व्हिसा सोडला तर इथे राहिल्याचा एक कागद तिच्या नावावर नाही. विजेचं बिलसुद्धा ह्यांच्याच नावावर. चूक आमचीच. शेवटी मंडळाकडून गणेशोत्सवातली नैवेद्याची वही मागून आणली. दरवर्षी मोदकांच्या पाळीपुढे तिची सही आहे. एकच वर्ष कोरं.

"आई, साहेब तेच धरून बसतील," ती रडवेली.

त्या वर्षी कुठे गेली होती बरं? आठवलं आणि हसूच फुटलं. "अगं, मुलगी झाली होती तुला. सोयरात नैवेद्य कसा करणार?"

नातीचा इथलाच जन्मदाखला त्या कोऱ्या जागेवर टाचून ठेवला. नातीला म्हटलं, "उद्या आईची साक्षीदार तू."

तर म्हणते, "तो मोदक मिलेगा, आजी?"