ती पाटी मी काढणार नाही, आबा

ती. आबा,

काल ओझरच्या घाटावर तुमचा दहावा झाला आणि कावळा काही शिवला नाही. म्हणून लिहितेय. तिथं चारचौघांत जे बोलता आलं नाही, ते निदान कागदावर तरी बोलू द्या.

पिंड मांडून तास उलटला. तुमच्या लेकानं हात जोडले, "आबा, हाटेल बंद पडू देनार नाय." नाही. कुणीतरी विडीचं बंडल आणि काडेपेटी पिंडाशेजारी ठेवली. तरी कावळे झाडावरच! शेवटी आत्या माझ्याकडं वळल्या, "सुनंदे, पाटी काढते म्हन. त्येंचा जीव त्यातच आडाकलाय." सगळा घाट माझ्याकडं बघत होता. मी दोन पावलं मागं सरले. मग भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. आपल्या माणसाला असं कुणी वाटेला लावतं का, आबा?

येडगावच्या रस्त्यावरचं ते हॉटेल तुम्ही उभं केलंत, विटासुद्धा स्वतः वाहिल्यात. गल्ल्यावर बसून विडी पेटवायची, येईल त्या गिऱ्हाइकाला एक द्यायची आणि मगच मासळीच्या ताटाचं विचारायचं, ही तुमची रीत. आणि मी सून, भिंतीवर ठोकली पाटी, 'इथे विडी-सिगारेट ओढू नये'. कायदा आधीपासून होताच, पण आपल्याकडं तो मानत कोण होतं?

तुमची नात शाळा सुटली की तिथंच बसून अभ्यास करायची. तनूला दमा. पाटी ठोकली त्याच्या आदल्याच दिवशी त्या धुरात तिचे ओठ निळे पडले, तेव्हा मी घाबरून गेले होते हो!

"म्या बांधलेल्या हाटेलात माजा काय हक्क न्हाई व्हय गं?" एवढंच विचारलंत तुम्ही.

"तनूला श्वास घ्यायचाय इथं," मी फटकन बोलले.

तुम्ही उठलात आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलात. आठ महिने तिथंच. जेवायलाही आत आला नाहीत. किती हट्टी! विडी विझवून आत यायला कोण नको म्हणत होतं? आणि मी तरी कुठं शहाणी? खिडकीतून ताट सरकवायचे. "चला आबा, आत बसा," असं एकदा बाहेर येऊन म्हटलं असतं, तर माझं काय जाणार होतं? माझं बरोबर होतं, अजूनही आहे. पण त्याची इतकी घमेंड कशाला केली मी?

तुमच्या छातीत कळ आली तीही त्या पायरीवरच. मी आत मासे तळत होते. एका गिऱ्हाइकानं हाक मारली, तेव्हा मला समजलं. हे मला आयुष्यभर पुरणार आहे.

घाटावरून येताना आत्या म्हणाल्या, "नुस्तं म्हनायचं व्हतं गं. नंतर कोन बगाया येतंय?" पण तुम्हाला शेवटचं म्हणून खोटं कसं बोलू?

तनूनं आज सकाळी विचारलं, "आई, आबा माझ्यामुळं बाहेर बसायचे का?" मी नाही म्हणाले आणि मोरीत जाऊन रडले.

पाटी राहील, आबा. पण एक वचन देते. तुमच्या एकटेपणाचं ओझं त्या पोरीवर कधी येऊ देणार नाही. ती मोठी होऊन पुन्हा विचारेल, तेव्हा सांगेन, तुझ्या आबांना मी बाहेर बसवलं, आणि आत बोलवायचंही माझ्याकडूनच राहून गेलं.

तुमची सून,
सुनंदा