मागच्या चाकांची नळी

१४ नोव्हेंबर

काका,

मायना एवढाच. याहून मोठा लिहिला असता तर तो खोटा आहे हे तुम्हाला लगेच कळलं असतं.

पत्ता तुमच्या थोरल्या मुलीने दिला. कशाला हवा, असं तिने आधी विचारलं. एक गोष्ट विचारायची आहे म्हटलं, तर म्हणाली, चाळीस वर्षांनी? तुमची तब्येत बरी आहे आणि अजून सगळीकडे पायीच जाता, हेही तिच्याकडूनच कळलं. इकडे सगळे ठीक आहेत. आईला एका डोळ्याने कमी दिसतं, पण कुणाचं काही चुकलं की दोन्ही डोळ्यांनी बघते. मी जूनमध्ये निवृत्त झालो.

निवृत्त झाल्यावर मी एक ट्रक घेतला. जुना, लष्करी. पुढे आलेलं नाक, समोर दोन वेगळ्या काचा, मागे ताडपत्रीच्या कमानी. एका लाकडाच्या वखारीत उभा होता. वखारवाल्याने तो रस्त्यावर कधी काढलाच नाही, ओंडके ओढायला नुसता त्याचा विंच वापरला. घरी ओढून आणावा लागला. ही म्हणते, लोक म्हातारपणी देवदेव करतात, तुम्ही गंजगंज करताय. शेजारचे मास्तर रोज सकाळी कुंपणावरून विचारतात, लढाई कधी सुरू होणार? मी सांगतो, रंग वाळला की.

पहिला आठवडा नुसता धुण्यात गेला. हिरव्याखाली खाकी निघाला, खाकीखाली पुन्हा हिरवा. दुसऱ्या आठवड्यात चाकं उतरवली. जुनी गाडी हातात घेतली की आधी ब्रेक, मग इंजिन, असं बाबा म्हणायचे.

इथवर लिहिलं ते खरं आहे, पण पुरतं नाही. हा ट्रक मी हौसेने घेतलेला नाही. त्याचा चासी नंबर माझ्याकडे होता. आईच्या ट्रंकेत अपघाताच्या चौकशीचा कागद आहे, त्यावरून उतरवून घेतलेला. अकरा वर्षं शोधत होतो. काका, तुम्ही चालवत होता तोच हा ट्रक.

कागदात लिहिलंय : ब्रेक तपासले, पॅडल घट्ट लागतं, दोष नाही. चालकाने उतारावर वेग आवरला नाही. शेजारी बसलेला मिस्त्री, चालकाचा सख्खा थोरला भाऊ, जागीच मरण पावला. तुमच्या जबाबात एकच वाक्य आहे. वेग जास्त होता.

ब्रेक चांगले होते, हे मला स्वतः बघायचं होतं. म्हणजे चाळीस वर्षं तुम्हाला जे समजत आलो ते बरोबर होतं, असं म्हणता आलं असतं. त्यासाठी मी अकरा वर्षं भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले.

मंगळवारी दुपारी गाडीखाली शिरलो. ब्रेकचं तेल मागच्या चाकांकडे नेणारी नळी जिथे रबरी होजला मिळते, तिथे डांबरासारखा थर बसला होता. खरवडला. होज नव्हताच. नळीच्या तोंडात तांब्याचं बूच बसवून वर नट आवळला होता. म्हणजे मागचे ब्रेक बंद. तेल फक्त पुढच्या चाकांना जाणार, आणि पॅडल दगडासारखं घट्ट लागणार. तपासणाऱ्याने पायाने दाबून पाहिलं असणार. खाली वाकला नसणार.

हे कुणीही केलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग तार दिसली.

नटावर पितळी तार. दोन वेढे, पीळ, आणि पिळाचं टोक कानासारखं आत मुडपलेलं. पुढच्या माणसाचा हात फाटू नये म्हणून. आमच्या वर्कशॉपमध्ये असं टोक दोघांनीच मुडपलं. एक बाबांनी, दुसरं मी. मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्यावरून पोरं मला शिंपी म्हणायची. तारेत पत्र्याचा तुकडा ओवलेला, त्यावर ठोकून तारीख घातलेली. बाबा गेले त्या दिवसाची.

गाडीखाली किती वेळ पडून होतो ते सांगता येत नाही. हिने पाय धरून हलवलं. तिला वाटलं, मी गेलो.

तुम्हाला माहीत होतं का? एवढंच विचारायचं आहे. आईला हा दुसराच ट्रक वाटतो. मी तिला तसंच सांगितलंय, आणि तसंच राहू देणार आहे.

दादांचा मुलगा


२ डिसेंबर

ती. काका,

तुमचं उत्तर आलं नाही. आता ते लागणारही नाही.

तार आणि पत्रा मी एका वाटीत रॉकेलमध्ये बुडवून मोरीच्या कट्ट्यावर ठेवला होता. रविवारी सकाळी आईने ती वाटी उचलली. आत काय आहे ते तिला दिसलं नसणार. तिने बोटाने तारेचं टोक चाचपलं आणि बोट तिथेच राहिलं. मग वाटी जागेवर ठेवली, साबणाने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"तुला उघडायला कुणी सांगितलं होतं?" म्हणाली.

ती स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगितलं, रेशनचं काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी ती तुम्हाला कोठडीत भेटायला आली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. डोंगरमाथ्यावर होज फुटला. दुसरा नव्हता. बाबांनी मागची नळी बंद केली आणि म्हणाले, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू उतरू. दुसऱ्या वळणानंतर पुढचे ब्रेक तापून लागेनासे झाले. हे तुम्ही तिला सांगितलंत. आणि म्हणालात, वहिनी, दादाचं नाव चौकशीत आलं तर पोराला वर्कशॉपमध्ये त्याच्या जागेवर घेणार नाहीत. स्वतःच्या चुकीने मेलेल्याच्या मुलाला घेत नाहीत.

"मी हो म्हटलं," आई म्हणाली.

मी विचारलं, मग सुटून आल्यावर त्यांना घरात का घेतलं नाहीस? नाव काढायचं नाही, असं मला का बजावलंस?

"ते समोर बसले असते तर माझ्या तोंडून निघालं असतं. तुझ्या नाहीतर शेजाऱ्यांच्या समोर. कधी ना कधी."

काका, मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. तुम्हाला ती आठवत नसेल असं मी धरून चाललो होतो. धरून चालायला माणसाचं काय जातं? सुटल्यावर तुम्ही आमच्या फाटकाशी आलात. मी वर्कशॉपमधून नुकताच आलो होतो, अंगावर कामाचेच कपडे होते. चाळीतले सगळे मिस्त्री ओट्यांवर बसले होते. मी तुमच्या तोंडात मारली. एकदा नाही. तुमचा चष्मा गटारात पडला. तुम्ही तो उचललात, फुटलेल्या काचेवर फुंकर मारलीत आणि गेलात. पुढे कितीतरी वर्षं मी हे लोकांना अभिमानाने सांगत असे.

आईला विचारलं, तेव्हा तू कुठे होतीस?

"दाराआड. कडीला हात होता." मग म्हणाली, "तू मारलंस म्हणून लोकांना खरं वाटलं. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही."

माझ्याच घरात, काका, माझ्या हातांचा असा उपयोग झाला, आणि मी साबण शोधत बसलो नाही की ओरडलोही नाही. कट्ट्याला टेकून उभा राहिलो. ही आत आली, आम्हा दोघांकडे बघितलं आणि बाहेर गेली.

माझी चाळीस वर्षांची नोकरी, हे घर, पोरांची शिक्षणं, निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी घातलेला हार. रोज एकेक गोष्ट आठवते, आणि तिच्याखाली तुम्ही असता.

ट्रक जसा होता तसाच उभा आहे. नळीचं बूच मी काढलेलं नाही. तुम्ही सांगाल तर काढीन, नाही म्हणालात तर तसंच राहील. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी तुमच्याकडे येतोय. आईही येते म्हणाली, मग नको म्हणाली, मग तिने पिशवी भरून ठेवली. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नका. आम्ही बाहेर बसू.

एक राहिलं. त्या दिवशी फाटकाशी, मी हात उचलण्याआधी, तुम्ही मला एक विचारलं होतं. हा आपल्याला चिडवतोय असं मला वाटलं, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं. तुम्ही विचारलं होतं, "लागलास का कामाला?"

लागलो, काका.

तुमचा,
पुतण्या