माझ्या बाजूचं दार

अहो,

गाडीवरची ताडपत्री काढली. दोन वर्षांनी. उद्या सलीमभाई रंग कालवायला बसणार आहेत आणि त्याआधी तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही. समोर असतात तर एव्हाना आपलं भांडण सुरू झालं असतं. नाही आहात, म्हणून लिहायला बसले.

राजू म्हणत होता, आई, भंगारात देऊन टाक, अंगण तरी मोकळं होईल. पुण्यात बसून बोलायला त्याचं काय जातंय? मी म्हटलं, अंगण मोकळं करून मी काय क्रिकेट खेळू? पण त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. टायर बसलेत, आत मांजर दोनदा व्यालं. आणि मी रोज तिच्याकडे पाठ करून धुणं वाळत घालायची. बघवतच नव्हतं हो.

आठवतंय, ती आणली तेव्हा? लष्कराच्या लिलावातली जुनी ॲम्ब्युलन्स! निम्मं भिंगार बघायला लोटलं होतं. लोक रिटायर झाल्यावर गुडघ्यांना तेल लावत बसतात, तुम्ही आत प्लायवूडचा पलंग ठोकलात, शेगडीला ओटा केलात, पाण्याची टाकी बसवलीत. म्हणालात, आता मन लागेल तिथं मुक्काम करायचा. मी म्हटलं, घरातल्या मुक्कामाला काय धाड भरलीय? पण मनातून मला आवडलं होतं. फार आवडलं होतं. तेवढं कधी बोलले नाही, ते आज सांगते.

आणि मग तो रंग! जन्मभर वर्कशॉपमध्ये मिलिटरीच्या गाड्या रंगवलेला माणूस. तो हिरवा साध्या माणसाच्या गाडीला चालत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी हात त्याच डब्याकडे गेला. वर मला सांगता, थोडा पिवळा घातलाय, आता हा वेगळा झाला. संगमनेरच्या अलीकडे पोलिसानं हात केला. बिचारा सलाम ठोकायच्या बेतात होता, आत बघतो तर मी मांडीवर पोह्यांचा डबा घेऊन बसलेली. "काका, मिलिटरीची हाय का ही?" त्यानं विचारलं आणि तुमचं तोंड बघण्यासारखं झालं. घरी येऊन तुम्ही त्यावर घाईघाईनं क्रीम रंग फासलात. खालचं नीट घासलंसुद्धा नाही. तुमच्यासारख्या कारागिरानं असं करावं? दोन पावसाळ्यांत पोपडे निघाले आणि खालून हिरवं डोकावायला लागलं.

भाचीच्या लग्नाच्या वेळचं मात्र मला आठवायलाही नको वाटतं. तुमची हौस, गाडी घेऊनच तिसगावला जायचं, मांडवाशेजारी उभी करायची, सगळ्यांना आतून दाखवायची. आणि मी काय बोलले?

"असल्या खरजुल्या गाडीतून मी माहेरी जायची नाही. आधी रंग द्या, मग बसते."

"कुठला देऊ?" तुम्ही शांतपणे विचारलंत.

मी रागाच्या भरात म्हटलं, आमच्या तिसगावच्या जुन्या दाराचा निळा द्या. तुम्ही म्हणालात, निळे शंभर असतात. मग शोधा, म्हणाले मी, आणि एसटीच्या वेळा बघायला लागले.

एसटीनं गेलो. वाटेत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. लग्नात जेवणाची पंगत बसली आणि तुमचा पत्ता नाही. शोधत गेले तर तुम्ही गोठ्यामागे! दादानं घराला लोखंडी दार बसवल्यापासून जुनं दार तिथंच टेकवून ठेवलं होतं, त्यापाशी उकिडवे बसून चाकूनं काहीतरी खरवडत होतात. माझं डोकंच फिरलं. चार बायकांसमोर म्हटलं, लग्नाच्या घरात खरवडत काय बसलाय, उठा, लोक काय म्हणतील? तुम्ही चाकू मिटवलात, हात झटकलेत आणि मुकाट्यानं पंगतीला येऊन बसलात. संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत आलात. मी आठ दिवस राहिले, मुद्दाम.

आले तेव्हा तुम्ही स्टुलावर बसून पुट्टी भरत होतात. गाडीची डावी बाजू सगळी घासून झालेली, पुढच्या दाराच्या फटीवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी चूक काढली. म्हटलं, डावीकडून कशाला सुरुवात? ती भिंतीकडची बाजू, कुणाला दिसते? समोरून घ्यायचं होतं. तुम्ही हसून म्हणालात, "होऊ दे गं." एवढंच.

त्याच आठवड्यात ते झालं. सकाळी अंघोळ झाली होती, चहा पुढ्यात होता. छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणालात, मी ओवा आणायला उठले, आणि परत येईपर्यंत तुम्ही नव्हतात. ओव्याची डबी मी नंतर कितीतरी वेळ हातात धरून बसले होते म्हणे. मला आठवत नाही. राजूनं गाडीवर ताडपत्री टाकली, ती टाकलीच.

दोन वर्षं मला एकच गोष्ट टोचत राहिली. त्या गाडीत मी तुमच्याशेजारी शेवटची कधी बसले, तेच आठवत नाही. आणि बसणार नाही म्हटलेलं मात्र शब्दन् शब्द आठवतंय. रंग दिल्यावर बसते म्हटलं, आणि रंग देता देताच तुम्ही गेलात. ही कसली अट घातली मी?

म्हणून सलीमभाईंना निरोप धाडला. वर्कशॉपात तुमच्या हाताखाली शिकलेले, आता नाक्यावर त्यांचं स्वतःचं दुकान आहे. काल सकाळी आले, डाव्या बाजूवर टकटक करून बघितलं आणि मान हलवली.

"भाभी, ही पुट्टी उघडी राहिली, वर प्रायमर न्हाई. पाणी पिऊन बसलीय, खाली गंज धरलाय. सगळी काढावी लागंल."

मी म्हटलं, ती राहू द्या. बाकीचं काय ते काढा. ते बिचारे खाली बघून म्हणाले, साहेब असते तर त्यांनीच मला झापलं असतं, असल्या पुट्टीवर रंग मारायला निघालो म्हणून. ते खरंच होतं. पण तुमचं शेवटचं काम ते, दुसऱ्याच्या हातानं कसं खरवडू देऊ? मग खरवडायचा पत्रा मीच हातात घेतला. काल दिवसभर मी आणि आज सकाळी थोडं. हँडलच्या खाली तुमच्या अंगठ्याचा ठसा होता. तिथं जरा थांबले. पण काढला. गंज तिथंही होता. ती सगळी भुकटी सुपलीत भरलीय आणि अजून टाकवत नाही, ओट्याच्या कोपऱ्यात पडून आहे.

मग सलीमभाईंनी दाराच्या फटीवरचे कागद ओले करून सोडवले आणि दार ओढलं. दोन वर्षांत ते कुणी उघडलंच नव्हतं. जोर लावल्यावर करकरत उघडलं, आणि आतली सगळी कड निळी होती.

अहो, आमच्या दाराचा निळा! नीळ घातलेल्या बादलीच्या तळाशी दिसतो ना, तो. चौकटीची कड, दाराची कड, बिजागरीच्या मागचीसुद्धा, जिथं कुणाचं लक्ष जात नाही. एक ओघळ नाही.

सलीमभाई म्हणाले, दाराच्या आतल्या कडा आधी रंगवायच्या, बाहेरचं मागून, ही साहेबांचीच शिकवण. मग माझ्याकडे बघून त्यांना कळलं की मला काहीच माहीत नाही.

"कागदाच्या पुडीत रंगाची खपली घेऊन आलते साहेब. चार दिवस माझ्या दुकानात कालवत बसले. मी म्हटलं, जमला की आता. तर म्हणले, न्हाई, अजून तिचा न्हाई झाला."

मी उठून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून बघितलं. त्याची कड तशीच, क्रीम आणि खालून हिरवी. तुमच्या बाजूला हातही लावला नव्हता. फक्त माझ्या बाजूचं दार.

तिथंच जमिनीवर बसले आणि रडले. सलीमभाई नळावर हात धुवायला गेले, बराच वेळ धूत राहिले. तुमच्यावर इतका राग आला म्हणून सांगू! गोठ्यामागे चार बायकांत बोलले, तेव्हा एक शब्द सांगायला काय झालं होतं? पिशवी घेऊन दारात उभी होते, तेव्हा ते कागद काढून दाखवता आलं नसतं? पूर्ण झाल्यावर दाखवायचं होतं तुम्हाला. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक होता, अर्धवट कामात मी खोड काढली असती. काढलीच असती. माझं चुकलं हो. तेव्हाही चुकलं, आणि त्याआधी कितीतरी वेळा.

तुमच्या डब्यातला रंग वाळून दगड झालाय. सलीमभाई त्या कडेवरूनच नवा कालवणार आहेत. आतल्या कडेला ऊन लागलं नाही, म्हणून तोच खरा नमुना, असं म्हणाले. रंग बदलल्याची नोंद राजू आरटीओत करून घेणार आहे. तेव्हा पोलिसाची काळजी नको.

त्या कडेला मी कुणाला ब्रश लावू देणार नाही. बाकी गाडी तिच्यासारखी होईल, ती कुणासारखी व्हायची नाही. रंग वाळला, टायर बदलले की राजू गाडी चालवेल आणि आम्ही तिसगावला जाऊ. दादाच्या दारात, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरेन. शेजारणींना आतून पलंग दाखवेन, ओटा दाखवेन, आणि हे कुणी केलं ते तुमचं नाव घेऊन सांगेन.

आधी रंग द्या म्हटलं होतं. तुम्ही दिलात. आता मी बसते.

तुमची,
मंदा