एका पायाची काठी

६ सप्टेंबर
सगळे फोटो हललेले. सगळे! एकात तर आमच्या लाडक्या गायकाला, दो-रिमला, दोन नाकं आली आहेत.

लसणाच्या मेळ्याच्या फाटकावरच कॅमेऱ्याची तिपाई काढून घेतली. "गर्दीत पाय अडकतात, आजी." आजी! अठ्ठावन्न वय म्हणजे काय आजी? मग ती सहाशे मिलिमीटरची लांबलचक लेन्स दुपारभर हातावर तोलत उभी राहिले. आता खांदा वर जात नाही. केस विंचरायचे तर डोकं खाली आणावं लागतं.

हे म्हणाले, "घरात तांदळाची पिशवी उचल म्हटलं की तुझी कंबर धरते. हे बरं उचलवतं!"

खांद्याला मलम चोळत बसले. 

९ सप्टेंबर
कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, मोनोपॉड घ्या. एकच पाय. कोणी अडवणार नाही." घेतला. उघडला की माझ्या उंचीचा, मिटला की छत्रीएवढा.

ह्यांनी उलटसुलट करून पाहिला. "दोन पायांवर उभी राहून हलतेस, म्हणून तिसरा विकत आणलास होय?"

यांना जेवायला लवकर वाढलं. खाताना तरी बोलत नाहीत.

१३ सप्टेंबर
शोभा झाली. काठी कॅमेऱ्याच्या तळाला लावली होती. लेन्सचं वजन पुढे, सगळं तोंडघशी आपटलं — ते पुढच्या बाईच्या डोक्यावर! ती किंचाळली. स्टेजवर दो-रिम सुद्धा क्षणभर थांबला.

मी-सुकताई म्हणजे आमच्या चाहत्यांच्या गटाची प्रमुख. नारिंगी जाकिटांचा रंगसुद्धा तिनेच ठरवलेला. सगळ्यांसमोर म्हणते, "ओक-ही, आपण गाणं ऐकायला येतो, डोकी फोडून घ्यायला नाही."

कू दो-रिम टीव्हीवर येत नाही. तो मेळ्यांत गातो, मासळीबाजाराच्या उद्घाटनाला गातो, ट्रकच्या हौद्यावर उभा राहून गातो. माझे फोटो नसतील तर तो कुठे गायला हे चार लोकांना कळणारही नाही. हे मी-सुकताईला कोण सांगणार?

१४ सप्टेंबर
दुकानदाराला फोन केला. "अहो ताई, लेन्सच्या बुडाला पट्टी दिलीय ती काय शोभेला आहे? काठी तिथे लावायची!" हे विकतानाच सांगायला काय झालं होतं?

२० सप्टेंबर
आता काठी खचते! मधली कळ पूर्ण आवळली जात नाही. दो-रिमने आईवरचं संथ गाणं सुरू केलं आणि माझी लेन्स हळूहळू खाली, खाली. पहिल्या कडव्यात चेहरा, दुसऱ्यात टाय, शेवटी पट्ट्याचं बक्कल. मला पत्ताच नाही, कारण मी रडत होते.

मी-सुकताईने गटावर लिहिलं, "ओक-हीला हल्ली गुडघे आवडायला लागलेत." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

२३ सप्टेंबर
दुकानदाराने कळ बदलून दिली, माफी मागितली, आणि एकदाचं नीट शिकवलं. पाय फाकवून उभं राहायचं, काठीचं टोक पुढे रोवायचं, तिच्यावर किंचित रेलायचं. डावा हात लेन्सच्या वर ठेवून दाबायचं. श्वास सोडून मग बटण.

शेजारच्या झाडावरच्या तेंदूफळांवर सराव केला. हे कचरा टाकायला बाहेर आले. "कोणाला गोळी घालतेस?"

पण फोटो! फळावरच्या मुंगीचे पाय दिसतात.

२७ सप्टेंबर
पावसामुळे कार्यक्रम रद्द. ह्यांनी डब्यातले सगळे किमबाप, भाताचे रोल, गाडीतच संपवले. मी म्हटलं, एक तरी ठेवायचा. म्हणे, "तू काठीला मिठी मारून बसली होतीस, विचारणार कुणाला?"

४ ऑक्टोबर
आजचं आजच लिहून ठेवते. 

बोरांचा मेळा. दुपार, लख्ख ऊन. काठी रोवली, रेलले, आणि पहिल्यांदाच चित्र असं थांबलं की दगडावर ठेवल्यासारखं. दो-रिमची एकेक पापणी दिसत होती. मनात म्हटलं, आज दाखवते मी-सुकताईला.

दुसऱ्या गाण्यात त्याच्या तोंडाची डावी कड उतरली.

वाटलं सूर लांबवतोय. पुन्हा पाहिलं. उजवी बाजू हसत होती, डावी लोंबत होती. माइकचा हात हळूहळू घसरत होता. त्याने दुसऱ्या हाताने तो सावरला आणि लोकांना वाटलं तो नाचतोय. टाळ्या!

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांचं तोंड असंच झालं होतं. आम्ही सगळे म्हणालो, दमल्यात. त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

मी ओरडले, "गाणं थांबवा!" मी-सुकताईने माझं जाकीट ओढलं. "वेड लागलंय का तुला? बस खाली!" मी बसले नाही. काठीसकट कॅमेरा खांद्यावर टाकला आणि लोकांच्या मांडीवरून, माकगलीच्या, तांदळाच्या दारूच्या, वाट्या सांडत पळाले. स्टेजमागे रुग्णवाहिका उभी होती. आतली नर्स तरुण मुलगी. "आजी, तुम्हाला चक्कर येतेय का?" मी तिच्या नाकासमोर कॅमेरा धरला, चेहरा मोठा करून दाखवला. एक, मग पुढचा, मग पुढचा.

ती स्टेजकडे धावली.

त्याचा मॅनेजर आडवा आला. "दोन गाणी राहिलीत!" तिने त्याला बाजूला ढकललं. दो-रिमला धरून उतरवताना तो लोकांना हात करत होता. एकच हात.

मॅनेजरने माझा नंबर लिहून घेतला. बहुतेक तक्रार करायला.

५ ऑक्टोबर
दो-रिमच्या कंपनीने जाहीर केलं — "अतिश्रमामुळे थोडी विश्रांती." बस्स. थकवा म्हणे!

गटावर माझी सालटी काढली. कार्यक्रम उधळला, लक्ष वेधून घ्यायचं होतं, पुढचे मेळे आता त्याला बोलावणार नाहीत. संध्याकाळी मी-सुकताईचा फोन. "ओक-ही, जाकीट परत कर. सगळ्यांचं तसंच म्हणणं आहे." मी म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिलं. "आम्ही काय आंधळ्या होतो?"

तुमच्या डोळ्याला लेन्स नव्हती गं! पण तिने फोन ठेवला होता.

८ ऑक्टोबर
दो-रिमची काही बातमी नाही. जिवंत आहे का, बोलतोय का, कोणी सांगत नाही. आज जाकीट देऊन परत येताना बाजारात आमच्याच गटातल्या दोघी मला पाहून पलीकडच्या बाजूला गेल्या.

लेक चिडली. "आई, फोटो आहेत ना तुझ्याकडे? टाक ना सगळीकडे! तोंडं बंद होतील." हेसुद्धा म्हणाले, "टाक." हे माझ्या बाजूने! मग तिघांनी बसून फोटो पाहिले. आयुष्यात इतके स्पष्ट फोटो मी काढले नव्हते. उतरलेली कड, ओठाच्या कोपऱ्यातली लाळ, घाबरलेला डोळा. कोणालाही कळेल असं.

उद्या सकाळी टाकते. जाकीटही त्यांनीच घरी आणून द्यावं.

९ ऑक्टोबर
चहा होत होता तेवढ्यात अनोळखी नंबर.  जड, वाकडा आवाज, एकेक शब्द ओढत — "ताई... मी... दो-रिम. ते फोटो... कोणाला... नका दाखवू."

लेकीला काही सांगितलं नाही. सगळे फोटो पुसून टाकले.