तीनदा लालसर

प्रिय चिमणे,

हे पत्र लिहायला तिसऱ्यांदा बसतोय. दोनदा उठून खिडकी लावायला गेलो, ती लागलेलीच होती. तुझी आई म्हणाली, देवापुढे बसलात तरी पाय हलतोय, गाडी चुकतेय का तुमची? मी हसलो. पण जप हल्ली अर्ध्यातच सुटतो.

प्रयोगशाळेत तसं ठीक आहे. ज्या स्टुलावर उभी राहून तू पहिल्यांदा भिंगातून पाहिलंस, ते अजून डुगडुगतंय. आता तू स्वतः प्रयोगशाळेत अशाच भिंगापुढे बसतेस, म्हणून तुलाच सांगतो. एक नमुना मला तीन आठवडे छळतोय. लघवीचा, लालसर.

मला हे काम शिकवणाऱ्या थोरल्या डॉक्टरांचा नियम तुला ठाऊक आहे. मी गावच्या शाळेत शिकलेला. 'हीमॅटिक' म्हणताना जीभ अडखळायची. त्यांनी समजावलं, ग्रीकमध्ये रक्ताला हायमा म्हणतात, त्यावरून हे विशेषण. तुझं हिमोग्लोबिनही त्याच घरातलं. पण वापरायचं जपून. डोळ्यांना दिसतं ते नुसतं लालसर, बीट खाल्लं तरी होतं. भिंगाखाली तांबड्या पेशी दिसल्या तरच हीमॅटिक. आणि लिहिलंस तरी, ते म्हणायचे, रक्त आहे एवढंच कळलं. कुठून आणि कशामुळे हे तो शब्द सांगत नाही, तेव्हा उगाच डॉक्टर होऊ नकोस.

सव्वीस वर्षं मी हा नियम पाळला. या नमुन्यापुढे मात्र तीनदा 'लालसर' लिहिलं आणि बाटली ओतून दिली. भिंगाखाली धरलाच नाही. बीट असेल, म्हटलं. आपल्या घरात महिनाभर बीट आलेलं नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

काल सकाळी चौथ्यांदा नमुना घेतला आणि देवाचं नाव घेऊन काच भिंगाखाली सरकवली. पेशी होत्या, शोधाव्या लागल्या नाहीत. नोंदवहीत शब्द लिहिला; अक्षर नेहमीसारखंच आलं. नावाचा रकाना तेवढा कोरा आहे. तिथे माझं नाव लिहिलं की सोमवारी डॉक्टरांकडे जायचं, आणि त्याआधी तुझ्या आईला सांगायचं. ती विचारणार, कुठून, कशामुळे. त्यापुढे माझ्याकडे शब्द नाही. रविवारी ये. बोलेन मीच, तू फक्त तिच्या शेजारी बस.

तुझाच,
बाबा